एका नावाची सहा गावं

वहिनीला माहेरचं गाव विचारा किंवा सासरचं विचारा, उत्तर एकच यायचं. तिच्या लग्नाची नोंद करणाऱ्या कारकुनानं पेन थांबवून विचारलं होतं, "म्हणजे गल्लीतल्या गल्लीतच का?" गल्लीतल्या गल्लीत नव्हतं. मध्ये अख्खा डोंगर होता.

त्या डोंगरावरून दोन ओढे निघतात. एक अलीकडे उतरतो, एक पलीकडे, आणि दोघांचं नाव एकच. असं का, ते कोणालाच धड सांगता येत नाही. जुनी माणसं म्हणायची की आधी ते डोंगराचं नाव होतं, पाण्याबरोबर खाली आलं. मग ओढ्याकाठी जो जो येऊन राहिला त्यानं गावासाठी वेगळं नाव शोधायची तसदी घेतली नाही. अलीकडे चार गावं, पलीकडे दोन, सहाही एकाच नावाची. आपापसात वरचं, मधलं, पुलाचं, शेवटचं असं म्हणून भागत होतं. डोंगरापलीकडच्या दोन गावांना हे लोक 'पलीकडचे' म्हणायचे, आणि तिकडचे लोक यांना.

गोंधळ उडायचा तो बाहेरच्यांचा. वरच्या गावच्या लग्नाचा बँड एकदा शेवटच्या गावात उतरला आणि तिथंच वाजवत बसला. लोकांनी मजेत ऐकून घेतलं, शेवटचं गाणं होईपर्यंत चूक कोणी सांगितली नाही. मधल्या गावासाठी आलेली पाण्याची टाकी पुलाच्या गावानं उतरवून घेतली, चढवली, भरली आणि मग चौकशी केली की ही पाठवली कोणी.

या पुलाच्या गावात वहिनीचं पंक्चरचं दुकान. दुकान म्हणजे पुलाच्या तोंडाशी एक पत्र्याची शेड. आत हवेचा कॉम्प्रेसर, जॅक, खिळ्यांना टांगलेले जुने टायर, आणि ट्यूब बुडवून बघायला पाण्यानं भरलेला टब. दुकान मूळ तिच्या नवऱ्याचं. तो सगळ्यांचा दादा, म्हणून ही सगळ्यांची वहिनी. तिच्या बापाच्या वयाचे ट्रकवालेसुद्धा तिला वहिनीच म्हणायचे. दादा छातीच्या दुखण्यानं गेला तेव्हा धाकट्या दिरानं कॉम्प्रेसरला गिऱ्हाईक शोधलं होतं. वहिनी त्याला हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं शेडचं कुलूप काढलं आणि बाह्या वर केल्या. इतकी वर्षं दादाच्या हातात हत्यारं देता देता काम बघून झालंच होतं. पहिला ट्रकचा टायर रिमवरून सोडवायला तिला अर्धा दिवस लागला. ट्रकवाला तोवर झाडाखाली झोप काढून उठला, टायर बघितला आणि म्हणाला, "वहिनी, पुढच्या वेळी अंथरूणच घेऊन येतो."

पुढच्या वेळी त्याला अंथरुणाची गरज पडली नाही.

शेडच्या दाराशी सासूबाई बसायच्या. गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता, त्यामुळे सकाळी सून खुर्चीत आणून बसवायची आणि संध्याकाळी घरी न्यायची. मधल्या वेळात सासूबाई बोलायच्या. कॉम्प्रेसर चालू असला तर मोठ्यानं बोलायच्या. येणारं गिऱ्हाईक मान डोलवून निघून जायचं आणि वहिनीला तर कामापुढे ऐकायला सवड नसायची. "या घरात भिंतींना कान असते तर बरं झालं असतं," सासूबाई म्हणायच्या, "माणसांना तर नाहीतच."

थंडीचे दिवस होते. वहिनी एका ट्रॅक्टरखाली आडवी झाली होती, बाहेर दिसत होते ते फक्त पाय. सरकारी दवाखान्याची व्हॅन येऊन थांबली आणि ड्रायव्हरनं खिडकीतून गावाचं नाव घेऊन विचारलं, हेच ना?

"हेच," ट्रॅक्टरखालून वहिनी म्हणाली.

"मग तुमच्या आजोबांना उतरवून घ्या. दवाखान्यातून सोडलंय."

"कुठले आजोबा? आमच्या गावातलं कोणी दवाखान्यात नाही. वरच्या गावचे असतील. वर जा."

व्हॅन वर गेली. वहिनीनं बाहेर येऊन बघितलंसुद्धा नाही. नट अर्धवट सुटला होता आणि तो सोडून उठणं तिच्या जिवावर आलं होतं.

वरच्या गावानं व्हॅनला मधल्या गावात पाठवलं. मधल्या गावानं शेवटच्या. शेवटच्या गावातल्या लोकांनी आत डोकावून बघितलं, आपसात चर्चा केली आणि सांगितलं की पुलापाशी विचारा, तिथं सगळ्या गाड्या थांबतात, वहिनीला सगळी माणसं माहीत असतात. दिवस कलला तेव्हा व्हॅन परत शेडपुढे उभी. ड्रायव्हर उतरला, पुलाच्या कठड्याला टेकला आणि म्हणाला, "मी सकाळपासून एकाच गावात फिरतोय असं वाटायला लागलंय."

"कोणीच ओळखत नाही?"

"ओळखायला बघावं लागतं. तुम्ही तरी कुठं बघितलंत?"

हे वहिनीला लागलं. हात पुसून ती व्हॅनच्या मागच्या दाराशी गेली. आत स्ट्रेचरवर एक म्हातारा पडला होता. अंगावर दवाखान्याची चादर, दाढी वाढलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात छातीवर मेल्यासारखा. डोळे मात्र टक्क उघडे. तिच्याकडे बघून त्यानं स्पष्ट, खणखणीत आवाजात गावाचं नाव घेतलं.

"बघा," ड्रायव्हर म्हणाला, "एवढं नीट सांगतात! शहरातल्या बस स्टँडवर पडलेले सापडले. झटका आला होता. खिशात काही नाही, वाचा गेलेली. बाकी एक शब्द येत नाही, पण गावाचं नाव विचारायच्या आधी तयार. म्हणून साहेबांनी सांगितलं, घरी पोचवून ये, पलंग रिकामा हवाय."

"आता?"

"आता निराधारांच्या आश्रमात न्यावं लागेल. तिथलं फाटक आता बंद झालं असेल. आजच्या दिवस ठेवून घ्या. उद्या नेतो."

वहिनीनं पायांकडे बघितलं. म्हाताऱ्याच्या एका पायात चप्पल होती आणि दुसरा पाय अनवाणी, गार पडलेला. दिवसभर तो तसाच चार गावांतून हिंडला होता, आणि पहिल्याच दारावरून त्याला तिनं परत पाठवलं होतं. तिनं ड्रायव्हरला स्ट्रेचरचं दुसरं टोक धरायला सांगितलं.

तासाभरात दीर हजर. पुलाच्या गावात बातमीला चालत जावं लागत नाही. "वहिनी, विधवा बाईच्या घरात परका पुरुष? लोक काय म्हणतील?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. "माझ्या वयाचा आहे तो. घाबरायचं असेल तर मी घाबरेन, तू जा जेवायला."

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरचा निरोप आला की आश्रमात जागा नाही, आठवड्यानं बघू. आठवडा उलटला तेव्हा त्यानं पुन्हा 'बघू' म्हटलं. तोवर आजोबा घरात मुरले होते. वहिनी त्यांना सकाळी चमच्यानं मऊ भात भरवायची, तोंड पुसायची, आणि सासूबाईंच्या शेजारी शेडच्या दाराशी बसवायची. त्यांच्यासाठी एका मोटारीची जुनी सीट ठोकळ्यांवर बसवून घेतली होती.

आजोबांपाशी शब्द एकच होता, पण तो ते हरप्रकारे वापरायचे. भूक लागली की गावाचं नाव. चहा गरम असला तरी तेच, जरा रागानं. कोणी विनोद केला की तेच, हसत. तुमचं नाव काय विचारलं तरी तेच, आणि मग स्वतःच वैतागून मान हलवायचे. सासूबाई त्यांच्यावर खूश होत्या. आपलं लग्न, आपली बाळंतपणं, जावांची भांडणं, सगळं त्यांनी आजोबांना पहिल्यापासून सांगायला घेतलं होतं. मध्येमध्ये आजोबा गावाचं नाव घ्यायचे आणि सासूबाई म्हणायच्या, "तेच तर म्हणते मी!"

"असा ऐकणारा माणूस मला उभ्या जन्मात भेटला नाही," त्यांनी सुनेला सांगितलं. "तुझ्या सासऱ्यांना तर बोलता येत होतं, तीच मोठी अडचण होती."

डाव्या हातात आजोबांच्या जीव होता. त्या हाताच्या करंगळीचं टोक तुटलेलं होतं, पण पकड चांगली. एकदा वहिनी ट्यूब टबात फिरवत असताना त्यांनी हात पुढे केला. तिनं ट्यूब दिली. त्यांनी ती पाण्यात दाबली, हळूहळू सरकवली, आणि बारीक बुडबुडे वर आले तिथं अंगठा ठेवून थांबले. त्या दिवसापासून भोक शोधायचं काम त्यांचं झालं. वहिनी तोवर पॅच कापून ठेवायची.

एक गोष्ट मात्र तिला खटकत होती. पुलावर बस थांबली की आजोबा मान उंचावून उतरणारी माणसं बघायचे. बस निघून गेली की डावा हात सीटवर आपटत गावाचं नाव घ्यायचे, एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा, आवाज चिरकेपर्यंत. वहिनी धावत यायची. "हो आजोबा, तिथंच आहात तुम्ही. हेच ते गाव. हा काय ओढा." ते जोरजोरात मान हलवून नाही म्हणायचे आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

"त्याचं गाव हे नव्हे," सासूबाई म्हणाल्या. "पाचांतलं दुसरं कुठलं तरी आहे. तिकडं त्याचं कोणी वाट बघत असेल आणि आपण त्याला इथं पंक्चर काढायला बसवलंय."

ते खरं वाटून वहिनीनं ड्रायव्हरला फोन केला. त्यालाही मनातून टोचत होतंच. सुट्टीच्या दिवशी तो मेव्हण्याची गाडी मागून घेऊन आला. आजोबांना पुढच्या सीटवर बसवलं आणि दोघं निघाले. या वेळी नुसतं चावडीपाशी विचारून परत फिरायचं नाही, दारोदार जायचं, असं ठरवलं होतं. वरचं गाव झालं, मधलं झालं, शेवटचं झालं. लोक गाडीत डोकवायचे, आजोबा गावाचं नाव घ्यायचे, लोक "हो हो, बरोबर" म्हणायचे आणि मान हलवून मागे व्हायचे.

"आता पलीकडची दोन," ड्रायव्हर म्हणाला.

"त्यातलं एक माझं माहेर. तिथले असते तर पहिल्या दिवशीच नसतं का ओळखलं मी?"

"लग्न होऊन किती वर्षं झाली तुम्हाला?"

वहिनीनं मनातल्या मनात आकडा काढला आणि तो सांगायचा टाळला. "चला," ती म्हणाली.

घाटाचा रस्ता संपून गाडी डोंगरापलीकडे उतरली. वहिनीचे आईवडील नव्हते, पण काकू होती, गावातली सगळ्यात म्हातारी. काकू ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. पुतणीला बघून आधी ती खूप दिवसांत न आल्याबद्दल यथास्थित बोलली, मग गाडीपाशी आली. तिनं आजोबांच्या चेहऱ्याकडे बघितलं, ओळख पटली नाही. आजोबांनी डावा हात खिडकीच्या काचेवर ठेवला होता. काकूनं तो हात हातात घेतला, करंगळीवरून बोट फिरवलं आणि खाली वाकून पुन्हा एकदा चेहरा बघितला.

"हा इथला नाही," ती म्हणाली.

"मी सांगितलं नव्हतं?" वहिनी ड्रायव्हरकडे वळली.

"अगं पण हा इथला जावई आहे."

वहिनीला आधी वाटलं, काकूचं वय बोलतंय. पण काकू सांगत गेली ते सगळं टोकाला टोक जुळणारं होतं. वहिनी रांगत होती त्या सुमाराला ओढ्याला दगडी बांध घालायचं काम निघालं होतं. बाहेरून गवंड्यांची टोळी आली होती. त्यातला हा एक, तेव्हाचा तरणाबांड. एक दगड सरकला आणि याची करंगळी चिरडली, तेव्हा कामावर असलेल्या काकूनंच चिंधी फाडून बांधली होती. कामावर पाणी भरायला गावातली एक मुलगी होती, सुताराची. बांध पुरा झाला, टोळी निघाली आणि टोळीबरोबर सुताराची मुलगीही गेली. सुतारानं आणि त्याच्या थोरल्या मुलानं तिचं नाव टाकलं. घरात पुन्हा कोणी तिचा विषय काढायचा नाही असा दंडक पडला. पोरंबाळं मोठी झाली त्यांना अशी कोणी मुलगी होती हेच माहीत नव्हतं.

"म्हणून हे बायकोच्या गावाचं नाव घेतायत," ड्रायव्हर म्हणाला. "स्वतःचं विसरले आणि सासुरवाडी लक्षात राहिली. कमाल आहे."

"ती बायको जिवंत आहे का पण?" वहिनीनं विचारलं.

काकूनं आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "तिची धाकटी बहीण इथंच दिलीय, वरच्या आळीला. ती भावाच्या चोरून तिला फोन करते म्हणतात. मला काही माहीत नाही." आणि जे माहीत नव्हतं ते दाखवायला ती स्वतः काठी घेऊन पुढे निघाली.

धाकट्या बहिणीनं आधी सपशेल नाकारलं. कसली बहीण, कुठला फोन. मग तिनं गाडीतल्या माणसाकडे बघितलं आणि खांबाला धरून खाली बसली. म्हणाली, "ताई वेड्यासारखी शोधतेय यांना. दवाखान्यात गेली तर तिथल्या खिडकीवरच्या माणसानं एवढंच सांगितलं की त्यांना त्यांच्या गावी पोचवलं. ताईला वाटलं, यांच्या गावी. ते गाव कुठल्या कुठं, दिवसभराचा प्रवास. तिथं जाऊन भावकीची दारं वाजवतेय."

तिनं फोन लावला. ड्रायव्हरनं तो घेऊन आवाज मोठा केला आणि आजोबांच्या तोंडापुढे धरला. पलीकडून एक दमलेला बायकी आवाज आला, "हॅलो?"

आजोबांनी गावाचं नाव घेतलं. त्याच खणखणीत आवाजात.

"काय हो?" पलीकडची बाई म्हणाली. "कुठं आहात तुम्ही?"

आजोबांनी पुन्हा नाव घेतलं, आणि बाईनं पुन्हा ओ दिली. "हो, मीच. आहे मी. बोला ना. कुठं आहात?"

तेव्हा वहिनीला कळलं, उरलेलं धाकट्या बहिणीनं सांगितलं. बांधाच्या कामावर टोळीतल्या पुरुषांना पाणी भरणाऱ्या पोरीचं नाव माहीत नव्हतं, ते तिला गावाच्या नावानं हाक मारायचे. लग्न झालं तरी नवऱ्याच्या तोंडात तीच हाक राहिली. झटक्यानं त्याचे सगळे शब्द नेले, जन्मभर तोंडात घोळलेला एक तेवढा राहिला. तो कुठलंच गाव सांगत नव्हता. बायकोला बोलावत होता, आणि वहिनी रोज त्याला हातानं ओढा दाखवून सांगत होती, हो आजोबा, तिथंच आहात तुम्ही.

बायको दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं पुलावर उतरली. उंच, हाडापेरानं मोठी बाई, हातात एक पिशवी, चेहरा प्रवासानं काळवंडलेला. आजोबांनी तिला बसच्या दारातच बघितलं आणि उठायला गेले. वहिनीनं वेळेवर काखेत हात घातला नसता तर टबात पडले असते. बाई तरातरा आली, नवऱ्यापुढे उभी राहिली, त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "दुसरी चप्पल कुठं घालवलीत?"

आजोबांनी तिला हाक मारली. ती खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागली. वहिनी उगाचच कॉम्प्रेसर चालू करून आली.

सासूबाईंना सगळा उलगडा संध्याकाळी झाला. "म्हणजे मी सगळा जन्म सांगत होते," त्या म्हणाल्या, "आणि हा माणूस आपला बायकोला हाका मारत होता?"

"पण ऐकतही असतील," बाई म्हणाली. "यांना दोन्ही जमतं. माझ्याशीही तसेच वागतात."

त्यावर सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

बाई घरात मुक्कामाला राहिली. रात्रीची भांडी घासताना वहिनी तिला म्हणाली, "तुम्हाला सांगायलाच हवं. पहिल्या दिवशी गाडी आधी माझ्याच दारात आली होती. मी न बघता पुढे पाठवली."

बाईनं ताट विसळून पालथं घातलं. "मी आठ घरची दारं वाजवली तिकडं," ती म्हणाली. "भावकीतल्या एकानंही दाराची कडी काढली नाही. तुम्ही संध्याकाळी तरी काढलीत." मग म्हणाली, "ते पातेलं द्या इकडं."

शहरात दोघं राहायची ती खोली त्यांनी सोडली. आजोबांना पुन्हा थापी धरणं शक्य नव्हतं आणि बाईला कामावर जाताना त्यांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं. धाकट्या बहिणीनं भावाला न विचारता आपल्या घरामागची खोली उघडून दिली. थोरला भाऊ आजही बहिणीशी बोलत नाही. तो समोरून आला की रस्ता बदलतो. बाई बदलत नाही. तिनं गावात शिवणकाम सुरू केलं आणि भावाची सून चोरून तिच्याकडे कपडे टाकते.

आजोबांना पुढे वर्षभरात आणखी शब्द आले. 'नको' आधी आला, 'चहा' नंतर. सासूबाईंना तो निरोप मिळाला तेव्हा त्या म्हणाल्या, बोलायला लागला का, मग आता माझ्या काही उपयोगाचा नाही. पण पंधरा दिवसांतून एकदा वहिनी शेड बंद ठेवून माहेरी जायला लागली तेव्हा मला आधी गाडीत बसव म्हणाल्या त्या सासूबाईच. काकूचं आणि त्यांचं पहिल्या भेटीतच वाजलं. दोघींनाही बोलायचं होतं.

वहिनी दुपारभर बाईच्या शिलाई मशीनशेजारी बसायची. दादा गेल्यापासून अशी रिकाम्या हातानं ती कुठं बसली नव्हती. आजोबा अंगणातून हाक मारायचे. बाई मशीन न थांबवता ओ द्यायची, आणि ते काही सांगायचे नाहीत. नुसती ओ हवी असायची. एकदा वहिनीनं तिला तिचं खरं नाव विचारलं. बाईनं सांगितलं आणि स्वतःच जरा ओशाळल्यासारखी हसली. म्हणाली, "लोकांच्या कागदावर लिहिण्यापुरतं आहे ते. कोणी त्या नावानं हाक मारली तर मी मागे वळून बघते, दुसरं कोणी आलंय का म्हणून."